उन्हाळा, कोंबड्यांचे शेड आणि छपरावरचा सूर्य

मे महिन्यात बाजारातून आणलेली अंडी पिशवीतच तडकतात, हे आमच्या माताभगिनींना सांगायला नको. आपण दुकानदाराला चार शब्द सुनावतो आणि मोकळे होतो. परंतु दोष त्याचा नसतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. उकडू लागले की ती पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडते आणि धापा टाकते. श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर गेली की तिचे अंग थोडे निवते. पण या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायूही भराभर निघून जातो. अंड्याचे कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच्या जातीचा पदार्थ. ते घडवायला रक्तात जे लागते तेच कमी पडते आणि कवच पातळ होते. म्हणजे आपल्या पिशवीत फुटलेले अंडे ही शेडमध्ये धापा टाकणाऱ्या कोंबडीची चिठ्ठीच असते म्हणा ना!

अंड्याचे नुकसान दोन-पाच रुपयांचे. मांसाच्या कोंबडीचे, म्हणजे ब्रॉयलरचे, नुकसान मोठे. हा पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोचा व्हावा अशी त्याची पैदास केलेली. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या अंगात उष्णताही तेवढीच तयार होते. कोंबडीचे अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. तिला सुखाची हवा लागते १८ ते २४ अंशांची. तिशी ओलांडली की खाणे कमी होते, आणि चाळिशीच्या घरात हवा गेली की पक्षी पटापट पडू लागतात. त्यातही आधी मरतात ते चांगले वाढलेले, विक्रीला आलेले. गरिबाच्या धंद्याचे दुखणे ते हेच!

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण मुंबई-पुण्यात, नागपुरात, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या करतात आणि गावाकडे भावाला, भाच्याला पैसे देऊन उद्योगाला लावतात. जमीन थोडी, त्यात विहीर नाही, मग वीस-तीस गुंठ्यांच्या कोपऱ्यात कोंबड्यांचे शेड टाकायचे ठरते. हा विचार चुकीचा नाही. पण शेड टाकताना पिल्लांचा हिशेब होतो, खाद्याचा होतो, उन्हाळ्याचा मात्र होत नाही. म्हणून हा लेख.

जयंती झाली की विदर्भात उन्हाळा खरा सुरू होतो आणि वैशाखी पौर्णिमेपर्यंत तो डोक्यावर बसलेला असतो. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावे तर दरवर्षी वर्तमानपत्रांत तापमानाच्या यादीतच वाचायला मिळतात. शेजारच्या आंध्र-तेलंगणात २००३ आणि २०१५ साली उष्णतेची लाट आली, त्यात माणसे तर गेलीच, पण लाखो कोंबड्याही मेल्या.

नागपूर जिल्ह्यात एका नवरा-बायकोच्या शेडला आम्ही गेल्या उन्हाळ्यात भेट दिली. एक एकर कोरडवाहू, त्यात तीस फूट बाय साठ फुटांचे पत्र्याचे शेड, पंधराशे पक्षी. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, पाणी, वीज आणि दोघांची मेहनत यांची. पक्षी उचलले की वजनावर किलोमागे मजुरी मिळते. तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट ताई सांगत होत्या. पक्षी ३६ दिवसांचे झालेले, दोन-तीन दिवसांत गाडी येणार. दुपारी एकला लाइन गेली ती सहाला आली.

"भाऊ, काय सांगू तुम्हाले! तीन वाजतापर्यंत आम्ही दोघं बादल्यांनी पाणी शिंपडत होतो. मग माझ्याच डोळ्यांपुढं अंधारी आली. पक्षी असे पडत होते, जशी झाडावरून बोरं पडावी. तीनशे चाळीस मोजले. रात्री बाहेर खड्डा खणला."

त्या लॉटची मजुरी जवळपास सगळी मरतुकीत कापली गेली. आणि ताईंना लागलेल्या उन्हाचा हिशेब तर कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही. शेड तापते तेव्हा कोंबडीबरोबर आत राबणारे माणूसही तापते. कोंबड्यांवरच्या पुस्तकांतून हे कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो.

आता उपायाकडे वळू. गार करण्यासाठी वातानुकूलन यंत्र लागते अशी पुष्कळांची समजूत असते, आणि सूर्याच्या विजेवर एवढे यंत्र कसे चालणार, असे म्हणून ते विषय सोडून देतात. कोंबड्यांच्या शेडला ते यंत्र लागतच नाही. आपल्या घरातला कूलर आठवा. गवताच्या जाळीवर पाणी झिरपते, पंखा त्यातून हवा ओढतो आणि हवा गार होते. गार करण्याचे काम पंखा करीत नाही, ते वाफ होणारे पाणी करते. एक लिटर पाणी वाफ होताना आसपासची इतकी उष्णता शोषते, की तेवढ्या उष्णतेत पाच-सहा लिटर बर्फासारखे पाणी उकळीला यावे! विजेने फक्त पाणी उडवायचे आणि हवा हलवायची. म्हणून थोड्या विजेत मोठे काम होते, आणि म्हणूनच छपरावरच्या चार सौर पाट्यांना ते झेपते.

दुसरी गोष्ट त्याहून सोयीची. ज्या वेळी कोंबडीला पंखा हवा, त्याच वेळी सूर्य भरात असतो. घरातले दिवे लावायला सौर वीज रात्रीसाठी साठवावी लागते. शेडचे तसे नाही. सकाळी दहाला गरज सुरू होते आणि दहालाच पाट्या जोमात येतात. आकाश भरून आले तर वीज कमी, पण मग उकाड्याचा जाळही कमी. ढगाळ, दमट दिवसाचा मुद्दा वेगळा, त्याकडे पुढे येऊ.

परंतु पाट्या विकत घेण्याआधी चुना विकत घ्या, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. छपराच्या पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तरी आतले तापमान दोन-चार अंशांनी उतरते. पूर्व विदर्भात धानाची तणस फुकटात मिळते, ती पत्र्यावर अंथरून दोरीने बांधावी आणि दुपारी भिजवावी. फक्त आगीला जपावे, विडी ओढणाऱ्याला तिकडे फिरकू देऊ नये. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे ऊन लांब बाजूने आत शिरत नाही. दक्षिणेला आणि पश्चिमेला सुबाभूळ, शेवगा, कडुनिंब लावावा. उन्हाळ्याच्या लॉटला पिल्ले कमी घ्यावीत, खाली तुसाचा थर पातळ ठेवावा. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत खाद्य उचलून घ्यावे, कारण खाल्लेले पचवतानाही अंगात उष्णता होते. पहाटे आणि रात्री खाऊ घालावे. पाण्याची टाकी उन्हात ठेवू नये. तापलेले पाणी कोंबडी पीत नाही, आणि उन्हाळ्यात तर तिला एरवीच्या दुपटीने पाणी लागते. टाकीला ओले गोणपाट गुंडाळावे, झाले. हे सारे न करता जो नुसत्या पाट्या बसवील, तो भोकाच्या बादलीत पाणी भरील.

त्या नवरा-बायकोंनी आधी हेच केले. मग ताईंच्या बचत गटातून आणि थोडे दागिन्यांवर पैसे उभे करून छपराच्या दक्षिण उतारावर ५४० वॅटच्या चार पाट्या बसवल्या. त्यांवर अर्ध्या हॉर्सपॉवरचे दोन मोठे पंखे आणि फॉगरचा एक हॉर्सपॉवरचा पंप चालतो. फॉगर म्हणजे बारीक तुषार उडवणाऱ्या तोट्या. शेडमध्ये आडव्या नळीवर अशा वीस तोट्या आहेत. पंप सतत चालत नाही. टायमर दोन-तीन मिनिटे तुषार सोडतो आणि सात-आठ मिनिटे थांबतो, तेवढ्यात पंखा ती वाफ बाहेर नेतो. पाणी किती लागते? दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास. पक्ष्यांच्या पिण्यालाच त्याच्या दुपटी-तिपटीने लागते. बोअरचे पाणी क्षारांचे असेल तर तोट्या बुजतात. ताई आठवड्याला त्या काढून व्हिनेगरच्या पाण्यात भिजत घालतात.

पाट्यांवरचा ५४० हा आकडा मात्र वाचकांनी जसाच्या तसा धरू नये. तो कारखान्यात २५ अंशांवर मोजलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी पाटी स्वतः सत्तर अंशांपर्यंत तापते आणि तापलेली पाटी वीज कमी देते. त्यात शेडची धूळ बसते. म्हणजे चार पाट्यांच्या २,१६० वॅटमधून दुपारी १,६०० ते १,७०० पदरात पडतात. दुकानदार हा हिशेब सांगत नाही. पाट्या पत्र्याला चिकटवून न बसवता वीतभर उंच बसवल्या की खालून वारा खेळतो आणि त्या कमी तापतात. पाट्यांच्या सावलीनेच शेड गार होते असेही काहीजण सांगतात. चार पाट्यांनी जेमतेम एकशेदहा चौरस फूट झाकले जाते, छप्पर अठराशेचे. त्या सावलीचे कौतुक फार नको.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती आम्हाला ताईंच्या नवऱ्याने सांगितली आणि पुढे एका जाणत्या इलेक्ट्रिशियनने समजावली. बाजारात सौर वीज दोन तऱ्हेची मिळते. एक, वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली. ती स्वस्त, कारण तिला बॅटरी नसते. जास्तीची वीज लाइनमध्ये जाते आणि बिलातून वजा होते. घराचे बिल कमी करायला ती उत्तम. परंतु लाइन गेली की ती भर उन्हातही बंद पडते! मुद्दामच तशी केलेली असते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरून आलेल्या विजेचा झटका बसेल. शेडवाल्याला पंखा हवा असतो नेमका लाइन गेलेल्या वेळी. छपरावर लाखाच्या पाट्या, वर जळता सूर्य आणि खाली बंद पंखा, अशी फजिती झालेला एक शेतकरी यांच्याच ओळखीत होता. म्हणून यांनी दुसऱ्या तऱ्हेचा, बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घेतला. त्यात लाइन असली तर लाइन, नसली तर सूर्य. खर्च वाढला, सगळे मिळून पावणेदोन लाखांच्या घरात गेले. पण वाचकहो, सौर वीज घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "लाइन गेल्यावर माझा पंखा फिरेल का?" हे विचारा, आणि शक्य झाल्यास मेन स्विच पाडून समोर दाखवायला सांगा.

बॅटरी का लागते, याचे दुसरेही कारण आहे. साडेपाचला सूर्य कलतो, पाट्या मंदावतात, पण तापलेला पत्रा सात-आठ वाजेपर्यंत उष्णता ओकत राहतो. दुपार तगून काढलेले थकलेले पक्षी या वेळी मरतात. यांच्याकडे १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्यांवर दोन पंखे अडीच तास निघतात. तेवढे पुरते. रात्रभर पंखे चालवू म्हटले तर चौपट बॅटऱ्या लागतील आणि धंदाच बसेल.

ओल्या शेडमध्ये वीज खेळवायची म्हणजे जीवाशी गाठ असते, हेही लिहून ठेवतो. अर्थिंग पक्के हवे, गळती झाली की आपोआप पडणारा स्विच हवा, वायर नळीतून नेलेली हवी. यात शंभर-दोनशे रुपये वाचवू नयेत. शेडमध्ये लहान मुले वावरतात.

आमचे रायगड-रत्नागिरीकडचे वाचक हा लेख वाचून फॉगर आणायला निघतील, त्यांना थांबवले पाहिजे. पाण्याची वाफ कोरड्या हवेतच होते. विदर्भात मेच्या दुपारी हवा ४५ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असते, तेव्हा पाण्याने हवा, निदान हिशेबाने, २४ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्ष उघड्या शेडमध्ये पाच-आठ अंश उतरते, तेही प्राण वाचवायला पुरेसे. कोकणात हवा ३४ अंश, पण आर्द्रता पासष्ट टक्के. तिथे हिशेबाने सुद्धा ती २८ च्या खाली जात नाही. उलट फॉगरने तूस भिजते, अमोनियाचा वास सुटतो, पक्ष्यांना रक्ती हगवण लागते. कोकणात पाणी नको, वारा हवा. मोठे पंखे लावून पक्ष्यांच्या अंगावरून जोराचा झोत न्यावा, कारण ३४ अंशांची हवासुद्धा कोंबडीच्या ४१ अंशांच्या अंगापुढे गारच असते. विदर्भात मात्र नुसता पंखा ४४-४५ अंशांची हवा अंगावर फेकतो, म्हणजे भट्टीचा भाता. तिथे पाण्याशिवाय पंखा लावू नये. एकाच महाराष्ट्रात दोन उलट रीती! जून महिन्यात पाऊस तोंडावर आला की विदर्भाचीही हवा दमट होते, तेव्हा तिथेही फॉगर बंद करून वाऱ्यावरच भागवावे लागते.

छपरावर आपोआप गरगर फिरणारे वाऱ्याचे भोवरे काही शेडांवर दिसतात. त्यांना वीज लागत नाही, वरची तापलेली हवा ते बाहेर काढतात. स्वस्त आहेत, बसवावेत. पण वारा पडलेल्या दुपारी त्यांच्या भरवशावर राहू नये. विष्ठेपासून गॅस करून त्यावर वीज तयार करता येते हेही खरे आहे, ते हजारो अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांचे काम. पंधराशे पक्ष्यांच्या शेडला ते परवडत नाही.

पैशांबद्दल दोन शब्द. २०२४ साली सुरू झालेली पंतप्रधानांच्या नावाची घरगुती सौर योजना घरांसाठी आहे, शेडसाठी नाही. २०१९ ची कुसुम योजना मुख्यतः शेतीच्या पंपासाठी आहे. या दोन नावांचा घोळ करून "सबसिडी काढून देतो, आधी पाच हजार द्या" म्हणणारे दलाल गावोगाव फिरतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. जिल्ह्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन बीजभांडवलाची चौकशी करावी, शेडच्या मूळ अंदाजपत्रकातच पाट्या, पंखे आणि पंप धरावे. नंतर वेगळे कर्ज काढणे जड जाते.

आणि कंपनीचे काय? पक्षी कंपनीचा, उष्णता आपली, अशी ही वाटणी आहे. पक्षी जगला तर फायदा दोघांचा, मेला तर मजुरी आपली कापायची. शेड गार ठेवण्याचा खर्च मग एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? करारावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून घ्यावा, उन्हाळ्यातली मरतुक कशी धरतात ते विचारावे, पंखे-फॉगर बसवलेल्या शेडला किलोमागे जास्त मजुरी मागावी. एकट्याचे कोणी ऐकत नाही. एका पट्ट्यातल्या दहा-पंधरा शेडवाल्यांनी मिळून मागितले तर ऐकावे लागते, कारण उन्हाळ्यात चांगले शेड कंपनीलाही हवेच असते.

ज्यांच्याकडे परसात दहा-वीस कोंबड्या आहेत त्यांनी यातले काही करण्याची गरज नाही. झाडाची सावली, मातीच्या परातीत गार पाणी, दुपारी खुराड्यावर ओले गोणपाट. गावठी कोंबडी उष्णता पुष्कळ सोसते. त्यातही मानेवर पिसे नसलेली जात बरी तग धरते, कारण उघड्या मानेतून अंगची उष्णता बाहेर जाते. शंभरेक पक्ष्यांचे लहान खुराडे असेल तर पन्नास वॅटची एक पाटी आणि तिच्यावर थेट चालणारा बारा व्होल्टचा पंखा एवढ्यात दुपार निभते. बॅटरीसुद्धा लागत नाही.

आम्ही त्या शेडवर गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पक्ष्यांच्या उंचीवर, जमिनीपासून वीतभर, सुतळीने एक थर्मामीटर टांगला होता. माणसाच्या उंचीवर टांगला तर तो कोंबडीचे तापमान सांगत नाही, हे ताईंनीच आम्हाला शिकवले. बाहेर ४४, आत ३६. चोची बऱ्याच उघड्या होत्या, पण पक्षी उभे होते, पाणी पीत होते. तेवढ्यात लाइन गेली. पंखे क्षणभर अडखळले आणि पुन्हा फिरू लागले. ताईंचा नवरा छपराकडे बघत होता. आदल्या आठवड्याच्या वादळाने एका पाटीचा नट सैल झाला होता. ऊन उतरले की पाना घेऊन वर चढायचे, असे तो म्हणाला आणि आमच्यासाठी माठातले पाणी आणायला गेला.